नेट मंद? आधी कूलर बघा

वर्ध्यात एप्रिल लागला की घरोघरी कूलर बसतात आणि त्यामागोमाग 'नेट स्लो झालं' ही तक्रारही येते. खापर कंपनीच्या माथी फुटतं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा होतो, तरी आतल्या खोलीतला व्हिडिओ अडायचा तो अडतोच.

प्लॅन म्हणजे घराच्या दारापर्यंत येणारा वेग. तिथून पुढचं काम राऊटरचं. खरा दोष शोधायचा तर राऊटरशेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट करा, मग शेवटच्या खोलीत जाऊन करा. पहिला आकडा ठीक आणि दुसरा पडलेला असेल, तर जास्तीचे पैसे वाया गेले म्हणून समजा. शिवाय १०० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उरतात. ही फसवणूक नव्हे, नुसता भागाकार आहे.

फायबरची तार खिडकीच्या फटीतून येते आणि जिथे संपते तिथेच, बहुधा टीव्हीमागे, राऊटर ठोकला जातो. त्याच्यापुढे कूलर आला की संपलंच. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो, टाकीतलं पाणी त्या शोषून घेतं. सळयांचा स्लॅब आणि लोखंडी कपाटही तेच करतात. दहा-पंधरा फूट तार वाढवून राऊटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला आणा. मात्र माळ्यावर नको. बहुतेक घरगुती राऊटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. तापलेला राऊटर अडखळतो, कधी आपोआप बंद-चालू होतो.

वायफायच्या नावापुढे '५जी' दिसलं की ते मोबाइलवालं ५जी, असं अनेकांना वाटतं. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. २.४चा पट्टा लांब जातो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राऊटरनी गजबजलेला असतो. एकमेकांवर न चढणारे चॅनल तिथे तीनच: १, ६ आणि ११. ५चा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. टीव्ही जवळ असेल तर तो ५वर घ्या, अंगणातला कॅमेरा २.४वर राहू द्या.

आता सुरक्षा. 'शेजाऱ्याने वापरलं तर वापरलं, आपल्या घरात चोरण्यासारखं आहे काय?' हा गैरसमज सर्वांत महागात पडू शकतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका अमेरिकन भाडेकरूच्या घरी. मेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याचं असुरक्षित वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. बाहेरच्या जगाला राऊटर दिसतो, तो वापरणारा माणूस नाही. चौकशी आधी तुमच्याच दारी येणार.

मग पासवर्ड काय ठेवतात? स्वतःचा मोबाइल नंबर! तो तर दुकानाच्या पाटीवरही असतो. नसला तरी ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होणारे दहा आकडी नंबर ४०० कोटीच होतात. फोन जोडला जातानाची देवघेव एकदा हवेतून टिपली की चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक घरी बसून ते सगळे काही तासांत तपासतो, आणि राऊटरला पत्ताही लागत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. राऊटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३, नाहीतर डब्ल्यूपीए२ निवडा.

वायफायचं नाव लपवल्याने काही साधत नाही. उलट तुमचाच फोन जाईल तिथे ते नाव पुकारत राहतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी पिनने जोडण्याची सोय, मात्र बंदच करा. त्याचा आठ आकडी पिन अभेद्य वाटतो, पण राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. म्हणून प्रयत्न लागतात जास्तीत जास्त ११,०००. ही उणीव २०११ सालीच चव्हाट्यावर आली. राऊटरच्या सेटिंगचा 'ॲडमिन' हा पासवर्डही त्याच बैठकीत बदला. आणि सुट्टीत येणाऱ्या भाचेकंपनीसाठी 'गेस्ट नेटवर्क' सुरू करा. त्यांना नेट मिळतं, तुमचा कॅमेरा आणि संगणक त्यांच्या फोनला दिसत नाहीत.