मुलाखतीच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी

‘मोठी माणसे बोलत असताना मुलांनी मध्ये बोलू नये’ हे वाक्य आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. त्यामागचा हेतू चांगलाच होय. परंतु तेच मूल बाविसाव्या वर्षी चार-पाच अनोळखी वडीलधाऱ्यांसमोर बसते आणि ‘स्वतःविषयी काही सांगा’ असे म्हटले जाताच त्याची वाचा बसते, तेव्हा सारा दोष त्याच्याच माथी मारावा काय?

केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून क आणि ड गटांतील, तसेच ब गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तरी वरच्या पदांसाठी ही पायरी कायम आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी परीक्षेच्या १७५० गुणांत व्यक्तिमत्त्व चाचणीचे २७५ गुण मिळवले जातात. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे कार्यालय तर आपल्याच गावी, रेसिडेन्सी भागात आहे. खाजगी शाळा व कंपन्या यांच्याविषयी वेगळे सांगावयास नकोच.

माजी विद्यार्थ्यांच्या सरावासाठी मी शाळेत लुटुपुटीच्या मुलाखती घेतो. तेथे असे दिसते की, मुले पुस्तकी प्रश्नांवर सहसा अडत नाहीत. ती अडतात स्वतःच्याच अर्जावर. ‘छंद : वाचन’ असे लिहिलेले असते आणि शेवटचे वाचलेले पुस्तक आठवत नाही. मंडळापुढे उमेदवाराचा अर्जच असतो, तेव्हा त्यातील प्रत्येक शब्दावर प्रश्न निघू शकतो, हे गृहीत धरून चालावे. आडनाव मराठी आणि गाव इंदूर म्हटल्यावर ‘आपले घराणे इकडे केव्हा आले?’ असे कोणीही सहज विचारील. त्यावर केवळ अहिल्याबाईंचे नाव घेऊन थांबू नये. त्यांनी राजधानी महेश्वरला नेली, तेथे विणकरांना आश्रय दिला, आणि त्याचा धागा आजच्या महेश्वरी साडीपर्यंत येतो, एवढे तरी सांगता यावे. होळकर संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले व १९५६ साली मध्य प्रदेश अस्तित्वात आला, हेही ठाऊक हवे. स्वच्छतेबद्दल गावाचे नाव झाले, पण ओला व सुका कचरा घराच्या दारातच वेगळा घेतला जातो ही त्यामागची व्यवस्था किती उमेदवारांना समजावून सांगता येते? या अभ्यासाला शिकवणी लागत नाही. घरातील आजोबा आणि दारावर येणारी कचरागाडी पुरेशी आहे.

दुसरी अडचण भाषेची. आपली मुले घरी मराठी व बाहेर हिंदी बोलतात, आणि घाईत दोन्हींची सरमिसळ होते. मराठीत विजय ‘मिळाला’, हिंदीत ‘मिली’. हा लिंगभेद एक वेळ खपून जाईल. अर्थभेद मात्र महागात पडतो. आपण ‘राजीनामा’ देऊन नोकरी सोडतो, हिंदीत त्या शब्दाचा अर्थ आपसातील समझोता असा होतो. तेथे ‘इस्तीफा’च म्हणावे लागते. ‘शिक्षा’ या शब्दाने तर आम्हां शिक्षकांची दोन्ही भाषांत वेगवेगळी ओळख करून दिली आहे! नागरी सेवेची लेखी परीक्षा मराठीतून देणाऱ्यास मुलाखतही मराठीतून देता येते, ही सोय अनेकांना माहीत नसते.

पोशाख साधा, इस्त्रीचा आणि आधी एकदा घालून पाहिलेला असावा. नवे बूट त्याच दिवशी चावू लागले तर लक्ष उत्तराकडे राहत नाही. प्रश्न पूर्ण ऐकावा, क्षणभर थांबावे, मग बोलावे. उत्तर येत नसल्यास ‘क्षमा करा, मला ठाऊक नाही’ असे स्वच्छ सांगावे. अनुभवी परीक्षकाला ठोकून दिलेले उत्तर लगेच कळते, आणि पुढचे तीन प्रश्न तो त्यावरच विचारतो. पगाराविषयी विचारले तर संकोचाने ‘आपण द्याल ते’ म्हणू नये. तशा पदाला साधारण काय मिळते, याची चौकशी आधीच केलेली असावी.

पालकांनाही थोडे सांगावेसे वाटते. मुलगा जेवताना काही सांगू लागला की त्याचे वाक्य आपण पूर्ण करून देऊ नये. दहा मिनिटे त्याला एकट्याने बोलू द्यावे. मुलीच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक आहे. आणि कोणा मामांची तेथे ओळख आहे असे तिला सांगून ठेवू नये, कारण मग तिची तयारी त्या मामांवरच विसंबते.

कागदपत्रे आदल्या रात्री शोधण्याची वस्तू नव्हे. आपल्याकडे नावाच्या मध्ये वडिलांचे नाव लिहिण्याची रीत आहे; या प्रांतात अनेक ठिकाणी ती नाही. परिणामी एका गुणपत्रिकेवर तीन शब्दांचे नाव, दुसरीवर दोन, आणि आडनावाची रोमन अक्षरांतील जुळणी तिसरीच, असे घडते. दहावीची गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र व आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. फरक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज किंवा प्रतिज्ञापत्र यांस दिवस लागतात. तेव्हा हे काम बोलावण्याचे पत्र येण्यापूर्वीच उरकावे.