हत्यारांची ओळख (लेखांक नववा) : तार नसलेली करवत

गेल्या लेखांकात हातकरवतीच्या दात्यांचा आणि त्यांना धार लावण्याच्या कलेचा विचार झाला. आज जिचा विचार करावयाचा ती करवत त्याच कुळातील असली तरी तिची वागणूक निराळी आहे. पुण्यातील किंवा ठाण्यातील एखाद्या नव्या इमारतीत विजेचे मीटर अद्याप लागलेले नसते, किंवा लागूनही भिंतीतील तारा गवंडी आणि वायरमन यांच्या वादात अडकून पडलेल्या असतात. अशा जागी दारांच्या बीडिंगपट्ट्या, स्कर्टिंग आणि कपाटांच्या कडा कापण्यासाठी सुतारमिस्त्री हल्ली जी बॅटरीवर चालणारी माइटर करवत घेऊन येतात, तिने शेजाऱ्याची मनधरणी आणि कंत्राटदाराची प्रतीक्षा या दोन्हींतून त्यांची सुटका केली आहे, हे निर्विवाद. परंतु तार गेली तेव्हा तिच्याबरोबर एक साक्षीदारही गेला. प्लग भिंतीतून निघून जमिनीवर पडलेला दिसला की तारेचे यंत्र निर्जीव आहे याची खातरजमा दुरूनच होत असे. बॅटरीच्या यंत्राला असे कोणतेही बाह्य लक्षण नाही. बॅटरी खोबणीत बसलेली आहे तोवर ते यंत्र, कोपऱ्यात ठेवलेले असो, टेम्पोत चढविलेले असो, वा घरमालकाच्या जिज्ञासू पोराच्या हाताशी उघडे पडलेले असो, आपल्या संपूर्ण शक्तीनिशी सज्ज असते. या यंत्राच्या बाबतीतील बहुतेक सारी खबरदारी, आणि निगेचाही बराच भाग, या एका वस्तुस्थितीतून उद्भवतो.

ही शक्ती किती, याचा हिशेब एकदा करून ठेवावा. बिनतारी ड्रिल बाजारात आले ते १९६१ साली, ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीकडून. पण त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या बळावर अशी करवत चालविणे व्यवहारात परवडणारे नव्हते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने विक्रीस आणली आणि २००५ च्या सुमारास ती हत्यारांत शिरली, तेव्हा कोठे हे शक्य झाले. आजच्या १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. याच पाच घटांचा पूर्ण भारलेल्या अवस्थेतील दाब प्रत्येकी ४ व्होल्ट धरून काही कंपन्या तिच्यावर '२० व्होल्ट' असे छापतात. सबब दुकानात या दोन आकड्यांच्या फरकापोटी कोणी जादा पैसे मोजू नयेत. ५ अँपिअर-तासाच्या अशा बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा, म्हणजे आपल्या वीजबिलातील एका युनिटाचा सुमारे अकरावा हिस्सा मावतो. आकडा क्षुल्लक वाटतो खरा. परंतु १८४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ५,००० फेरे घेऊ लागले की त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला ४८ मीटरच्या, म्हणजे ताशी १७० किलोमीटरच्या घरात जातो, आणि बोटाला त्या ऊर्जेचा सहस्रांशही पुरेसा होतो.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. खालचे गोल मेज पात्यासह डावी-उजवीकडे फिरते, त्यामुळे पट्टीच्या रुंदीत तिरपा छेद घेता येतो. वरचे डोके एका बाजूस कलते, त्यामुळे जाडीतही तिरपा छेद मिळतो. आणि दोन्ही एकाच वेळी साधता येतात म्हणून हिला कंपाउंड म्हणतात. काही यंत्रांत डोके दोन दांड्यांवरून पुढेमागे सरकते, त्यामुळे रुंद फळीही कापता येते. मेजावर ०, १५, २२.५ आणि ४५ अंशांच्या खाचा असतात, आणि त्यांच्यामध्येच ३१.६ अंशांची एक चमत्कारिक खाच असते, जिचे प्रयोजन आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. ती अमेरिकेतील घरांच्या छताखाली बसविल्या जाणाऱ्या लाकडी कॉर्निससाठी आहे. भिंतीशी ३८ अंशांनी झुकणारी ती पट्टी मेजावर आडवी ठेवून कोपऱ्यासाठी कापावयाची तर मेज ३१.६ अंश आणि डोके ३३.९ अंश फिरवावे लागते. आमच्याकडे कॉर्निस प्लॅस्टर ऑफ पॅरिसची, आणि ती करणारा कारागीर निराळा. त्यामुळे या खाचेचा आपल्याला होणारा उपयोग इतकाच, की मेज घाईने ३० अंशांवर नेताना ते तिच्यात अडकते आणि छेद दीड अंशाने चुकतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आपला सुतार परंपरेने जमिनीवर बसून काम करणारा आहे. वाकस, पटाशी आणि रंधा चालविताना लाकूड पायाच्या तळव्याने किंवा अंगठ्याने दाबून धरण्याचे त्याचे कौशल्य पिढ्यानुपिढ्या आलेले आहे, आणि त्या हत्यारांच्या संदर्भात ते कौशल्य सर्वथा यथायोग्यही आहे, कारण त्यांची गती माणसाच्या स्नायूंच्या गतीहून अधिक नसते. तोच शिरस्ता या करवतीला लावला की अनर्थ ओढवतो. तारेचे यंत्र निदान प्लगच्या आसपास एका जागी, बहुधा बाकावर, मांडले जाई. बिनतारी यंत्र हलके, कोठेही नेण्यासारखे, म्हणून ते जिथे काम निघेल तिथे फरशीवरच ठेवले जाते, आणि लांब पट्टीचे दुसरे टोक उचलू नये म्हणून मिस्त्रीचा पाय आपोआप पुढे सरकतो. या स्थितीत चेहरा पात्याच्या पातळीत आणि गुडघा त्याच्या रेषेत येतो, तोल एका कुल्ल्यावर राहतो, आणि उडालेला तुकडा चुकविण्यास मागे सरण्याची मुभा उरत नाही. दोष कारागिराच्या सवयीचा म्हणावा, की बसून काम करणाऱ्या माणसाचा विचारच न करता यंत्र रचणाऱ्यांचा, हा प्रश्न रास्त आहे. माझा कल दुसऱ्या बाजूकडे झुकतो. पण उत्तर कोणतेही असले तरी पाय तेवढ्याने वाचत नाही. दोन घोडे आणि त्यांवर एक जाड फळी इतकी तजवीज कोणत्याही साइटवर होऊ शकते. यंत्र तिच्यावर बोल्टने किंवा क्लॅम्पने पक्के करावे, आणि लांब पट्टीच्या टोकाखाली मेजाच्या उंचीचा ठोकळा द्यावा, म्हणजे ती धरण्यास ना पाय लागतो ना मदतनीस.

छेद घेताना लाकूड मागच्या उभ्या फेन्सला आणि खालच्या मेजाला पूर्ण टेकलेले असावे. वाकलेल्या पट्टीची फुगीर बाजू फेन्सकडे करून ती क्लॅम्पने आवळावी, नाहीतर छेद अर्ध्यावर येताच पट्टी मिटते आणि पात्याला चिमटा बसतो. हात पात्यापासून सुमारे १५ सेंटिमीटरच्या आत येऊ देऊ नये. तुकडा इतका लहान असेल की हात आत आल्याखेरीज तो धरता येत नाही, तर तो हाताने धरावयाचा नाही हेच त्याचे उत्तर. डाव्या बाजूचा तुकडा उजव्या हाताने धरून डाव्याने यंत्र चालविण्याची, म्हणजे हातांची कात्री करण्याची सवय तर मुळातच मोडावी. सरकत्या डोक्याच्या यंत्रात ते आधी वरच्यावर आपल्याकडे ओढून घ्यावे, पाते पूर्ण वेगात आले की खाली दाबावे आणि फेन्सच्या दिशेने ढकलीत न्यावे. उलट, कापता कापता आपल्याकडे ओढले तर दाते लाकडावर चढतात आणि सगळे डोके माणसाच्या अंगावर येते. छेद पुरा झाल्यावर बटण सोडावे, डोके खालीच धरून ठेवावे आणि पाते थांबल्यावरच वर उचलावे. हे शेवटचे दोन सेकंद जो वाचवितो त्याचा सुटा तुकडा फिरत्या दात्यांत सापडून खोलीभर भिरकावला जातो. एकाच मापाचे अनेक तुकडे पाडताना मापाचा ठोकळा ज्या बाजूस लावला असेल ती बाजू हाताने वा क्लॅम्पने धरलेली असावी. सुटा पडणारा तुकडा ठोकळा आणि पाते यांच्यामध्ये कोंडला जाता कामा नये.

खालचे गार्ड सुतळीने वर बांधून ठेवण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी दिसते, कारण काय तर रेघ दिसत नाही. रेघ दिसण्यासाठी धूळ पुसावी. ते गार्ड स्प्रिंगच्या जोरावर विनासायास परत बसते की नाही हे रोज सकाळी, बॅटरी काढून ठेवून, पाहावे. अडखळत असेल तर त्याच्या कडेला साचलेला भुसा आणि राळ हेच बहुधा त्याचे कारण असते. हातमोजे या यंत्रावर वर्ज्य आहेत. त्याचप्रमाणे मनगटावरचे गंडेदोरे, कडे, अंगठी आणि लोंबती ओढणीही. श्रद्धेचा दोरा काढावयाचा नसेल तर पूर्ण बाहीच्या घट्ट मनगटाखाली तो दाबून ठेवावा. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण आणि नाकावर चांगल्या प्रतीचा मास्क असावा. शिसव आणि सागवान यांच्या धुळीने कातडीला खाज आणि पुरळ उठते हे जुने सुतारही जाणतात. पण त्यापलीकडे, लाकडाच्या धुळीची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात केलेली आहे, ही गोष्ट बंद फ्लॅटमध्ये दिवसभर कापणाऱ्याच्या कानांवर घालणे अगत्याचे आहे. लोखंडी पट्टी तर या यंत्रावर कधीही कापू नये. ठिणग्या भुशाच्या पिशवीत शिरल्या की ती आतून धुमसत राहते.

निगेचा विषय पात्यापासून सुरू होतो, आणि येथे बिनतारी यंत्राचा एक गुण असा की ते हयगयीची शिक्षा त्याच दिवशी देते. तारेच्या यंत्रात बोथट पात्याचा तोटा महिनाअखेर बिलात विरून जाई; येथे त्याच बॅटरीत सकाळपेक्षा कमी तुकडे पडू लागतात, छेदाच्या कडा जळून काळ्या होतात आणि मोटर हाताला चटका लागेल इतकी तापते. म्हणून अशा यंत्रांना दीड-दोन मिलिमीटर जाडीचा बारीक छेद देणारी पाती असतात. त्यांच्या जागी जाड पाते बसविले तर तितके अधिक लाकूड विनाकारण भुसा होऊन जाते. दाते किंचित मागे झुकलेले किंवा जवळजवळ सरळ असावेत, कारण पुढे झुकलेले आक्रमक दाते लाकडावर चढू पाहतात. पाते बदलताना पहिले काम बॅटरी काढून खिशात घालण्याचे. टेबलावर ठेवलेली बॅटरी कोणीतरी साळसूदपणे परत बसवितो. पात्याचा बोल्ट बहुधा उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सैल होतो. आणि नव्या पात्यावरचा बाण गार्डवरील बाणाशी जुळलाच पाहिजे. दात्यांवर राळ साचली की पाते कोमट साबणाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासावे आणि लगोलग कोरडे करावे. कास्टिकची तीव्र द्रावणे टाळावीत, कारण ती कार्बाइडच्या टोकांना आणि त्यांच्या जोडांना खातात. जुने वाडे पाडल्यावर निघालेले सागवान भवानी पेठेसारख्या लाकूडबाजारात आजही हौसेने घेतले जाते. त्याच्या पोटात शतकापूर्वीचे खिळे लपलेले असतात, म्हणून कापण्यापूर्वी त्यावरून चुंबक फिरवावे.

जे यंत्र रोज उचलले जाते ते रोज थोडे काटकोनातून ढळते. गुण्या लावून पाहणे हा एक उपाय झाला, पण गुण्याही पडलेला असू शकतो. त्याहून विश्वसनीय उपाय असा : समांतर कडांची एक रुंद पट्टी शून्यावर कापावी, एक अर्धा उलटा करावा, आणि दोन्ही अर्धे सरळ कडेला टेकवून छेदाशी छेद भिडवावा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. अर्ध्या अंशाची चूक नगण्य वाटते. परंतु फोटोच्या चौकटीला आठ छेद लागतात, आणि आठ वेळा अर्धा अंश म्हणजे शेवटच्या कोपऱ्यात चार अंश, ६० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत चार मिलिमीटरहून अधिक फट. ती पुट्टीने बुजविणारे कारागीर थोडे नाहीत. सरकत्या दांड्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. त्यांना तेलाने माखण्याचा मोह आवरावा, कारण तेलाला भुसा चिकटतो आणि त्याचा लेप होतो. कोकणातील पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून तेलाचा पुसट हात फिरवून तो लगेच कोरडा पुसून घेतला की पुरे.

राहिली बॅटरी. तिचे दोन शत्रू, उष्णता आणि निष्काळजी सोबत. विदर्भातील मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ती ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य जाणूनबुजून कमी करणे होय; यंत्रातून काढलेली गरम बॅटरीही थंड होऊ दिल्यावरच चार्जरवर लावावी. अनेक चार्जर तापलेली बॅटरी भारण्यास स्वतःहून नकार देतात, त्यास बिघाड समजू नये. खिळे आणि स्क्रू असलेल्या पेटीत ती उघडी टाकली तर दोन टोके जोडली जाऊन आग लागू शकते. टोपण नसेल तर टोकांवर चिकटपट्टी लावावी. काम महिनोन्महिने बंद राहणार असेल तर ती अर्धी भारून थंड, कोरड्या जागी ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिती ठेवू नये. स्वस्तात मिळणाऱ्या नकली बॅटऱ्यांत घटांचे रक्षण करणारे सर्किट असेलच याची हमी नसते. विमानाने जाताना सुटी बॅटरी सामानात न देता हाती घ्यावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सामान्यतः मुभा असते, त्यामुळे वर सांगितलेली ९० ची बॅटरी चालते. फुगलेली किंवा पडून फुटलेली बॅटरी भारण्याचा प्रयोग करू नये, आणि कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांन्वये वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा जिथून घेतली त्या दुकानदाराकडे आधी चौकशी करावी.

पुढील लेखांकात रंधा : त्याचे पाते, त्याचा तळ आणि दोघांतील कोन.