‘थांबवून’ आणि ‘थांबल्यावर’ : घरगुती व्यायामयंत्राच्या सूचनांचा व्याकरणिक विचार

पारिभाषिक शब्दांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झालेली आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध झाले, आणि अमुक इंग्रजी नामाला मराठी प्रतिशब्द कोणता, या प्रश्नावर वादही बरेच झाले. त्या मानाने यंत्रासोबत येणाऱ्या सूचनापत्रातील क्रियापदांकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. वस्तुतः नामाची निवड चुकली तर वाचक अडखळतो आणि विचारतो. क्रियापदाचे रूप चुकले तर तो न अडखळता चुकीची कृती करतो. प्रस्तुत लेखात एकाच यंत्राच्या जोडणीच्या व वापराच्या सूचना घेऊन हा मुद्दा तपासावयाचा आहे.

१. यंत्राची घडण

बाजारात ‘इलिप्टिकल’ किंवा ‘क्रॉस ट्रेनर’ या नावाने मिळणारे हे यंत्र फार जुने नाही. अमेरिकेतील प्रीकॉर कंपनीने १९९५ मध्ये अशा यंत्राची विक्री सुरू केली, आणि पुढे ते व्यायामशाळांतून घरांत आले. इलिप्स म्हणजे विवृत्त किंवा लंबवर्तुळ. सायकलचे पायडल वाटोळ्या मार्गाने फिरते; येथे ते लांबट, विवृत्तासारख्या मार्गाने फिरते. पाऊल पायडलावरून उचलावे लागत नाही, म्हणून धावताना गुडघ्याला व घोट्याला बसणारा हिसका येथे बसत नाही. ‘पायडल’ हा शब्द मी हेतुतः वापरीत आहे. मूळ इंग्रजी शब्दात मराठी माणसाने ‘पाय’ पाहिला आणि शब्द आपलासा केला. लोकव्युत्पत्तीचे हे चांगले उदाहरण होय.

आपल्या विवेचनाच्या दृष्टीने यंत्राचे दोन भाग महत्त्वाचे आहेत. पहिला भाग म्हणजे फ्लायव्हील हे जड चाक. पायडलांची गती पट्ट्याच्या द्वारे या चाकाला मिळते आणि ते पायडलांपेक्षा पुष्कळ वेगाने फिरते. सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते, त्यामुळे पाय थांबले तरी चाक फिरत राहू शकते. बहुतेक घरगुती इलिप्टिकल यंत्रांत अशी सोय नसते. जड चाक फिरत आहे तोवर पायडलेही फिरत राहतात. दुसरा भाग म्हणजे हाताचे दांडे. त्यांपैकी एक जोडी स्थिर असते, तर दुसरी पायडलांबरोबर पुढेमागे हलते.

२. एक प्रसंग

प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या भगिनी निवृत्त शिक्षिका आहेत. छापील सूचना वाचल्याशिवाय त्या कोणत्याही उपकरणाला हात लावीत नाहीत. घरी असे यंत्र आले तेव्हा सोबतचे मराठी पत्रक त्यांनी दोनदा वाचले. त्यात उतरण्याविषयी एकच वाक्य होते : ‘यंत्र थांबवून उतरावे.’ पहिल्याच आठवड्यात त्यांनी पायांची हालचाल थांबवली आणि उजवा पाय जमिनीवर ठेवला. जड चाक अजून फिरत होते. डाव्या पायावर सर्व भार आला, ते पायडल खाली गेले आणि रिकामे झालेले उजवे पायडल वर येऊन नडगीवर आदळले. तोल जाऊन घोटा मुरगळला आणि पाय तीन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवावा लागला. मी भेटावयास गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, मी थांबवलं होतं. ते थांबलं नव्हतं.”

या दोन वाक्यांत आमच्या वर्गातील एक संपूर्ण तासिका सामावलेली आहे.

३. पूर्वकाल आणि समानकर्तृकत्व

मराठीतील ‘-ऊन’ प्रत्ययान्त रूप संस्कृतातील क्त्वान्ताचे कार्य करते. क्त्वा-प्रत्ययाचे विधान करताना पाणिनीने (३.४.२१) दोन अटी घातल्या आहेत : दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा, आणि प्रत्यय लागणारी क्रिया आधी घडलेली असावी. मराठीत पहिल्या अटीला अपवाद आढळतात. ‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ हे वाक्य शुद्ध आहे, कारण तेथे कार्यकारणसंबंध आहे आणि कोणाचा हेतू गुंतलेला नाही. परंतु मुख्य क्रियापद आज्ञार्थी किंवा विध्यर्थी असले की समानकर्तृकत्वाची अट कडक होते. ‘दार उघडून आत या’ हे चालते. ‘यंत्र थांबून उतरा’ हे कोणताही मराठी भाषक स्वीकारणार नाही.

अनुवादकाची अडचण येथेच सुरू होते. आटोपशीर वाक्यासाठी त्याला ‘-ऊन’ रूप हवे असते. कर्ता एकच राहिला पाहिजे म्हणून तो ‘थांबणे’ सोडून ‘थांबवणे’ हे प्रयोजक रूप घेतो. वाक्य शुद्ध होते, पण त्याबरोबर अर्थ बदलतो. ‘थांबणे’ ही यंत्राची क्रिया होती; ‘थांबवणे’ ही वाचकाची झाली. वाचकाने आपल्या बाजूची क्रिया पूर्ण केली, म्हणजे पाय थांबवले, की पूर्वकालाची अट त्याच्या दृष्टीने पूर्ण होते आणि तो उतरतो. जड चाक हा या घटनेतील दुसरा कर्ता वाक्यातून नाहीसा झालेला असतो.

भिन्न कर्ते एकत्र नांदवण्यासाठी मराठीत ‘-ल्यावर’ हे रूप उपलब्ध आहेच. आपण ‘पाऊस थांबल्यावर निघा’ असे म्हणतो. ‘पाऊस थांबवून निघा’ असे कोणी म्हणत नाही, कारण पाऊस आपल्या आज्ञेत नाही हे सर्वांना ठाऊक असते. यंत्र मात्र आपल्या आज्ञेत आहे असे आपण गृहीत धरतो. काही क्षण ते तसे नसते, आणि सूचनेने नेमके तेच सांगावयास हवे. म्हणून ‘पायडले पूर्ण थांबल्यावर उतरा’ हेच वाक्य योग्य होय. येथे ‘यंत्र’ ऐवजी ‘पायडले’ म्हणण्यातही लाभ आहे. यंत्र थांबले की नाही हे वाचकाने अनुमानाने ठरवावयाचे असते. पायडले त्याला दिसतात.

‘-ऊन’ रूप सूचनापत्रातून हद्दपार करावे असा याचा अर्थ नाही. ‘मुलाचा हात धरून रस्ता ओलांडा’ या वाक्यात धरण्याची क्रिया संपत नाही. ती ओलांडण्याबरोबर चालू राहते. त्यामुळे ‘स्थिर दांडा धरून चढा’ ही सूचना निर्दोष आहे. मात्र ‘स्थिर’ हे विशेषण गाळता कामा नये, कारण हलता दांडा पायडलाबरोबर सरकतो आणि चढताना आधार देत नाही.

४. निषेधाचे स्थान

मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, आणि निषेधही शेवटीच येतो. ‘जोपर्यंत पायडले थांबत नाहीत, तोपर्यंत उतरू नका’ या वाक्यात दोन नकार आहेत, आणि निर्णायक नकार अगदी अखेरीस आहे. निवांत वाचताना अडचण पडत नाही. पण सूचनापत्र कोणी निवांत वाचीत नाही. ‘पायडले थांबेपर्यंत उतरू नका’ असे म्हटल्याने एक नकार कमी होतो. त्याहून चांगली रचना ‘पायडले पूर्ण थांबू द्या, मग उतरा’ ही आहे. ‘थांबू द्या’ या संयुक्त क्रियापदात थांबणारे पायडल असते आणि वाट पाहणारा वाचक असतो. दोन्ही कर्ते जागेवर राहतात आणि नकाराची गरजच उरत नाही.

५. डावे, उजवे आणि आटे

जोडणीच्या सूचनांत निराळा प्रश्न उभा राहतो. ‘डावे पायडल’ म्हणजे कोणाच्या डाव्या हाताचे? जोडणी करणारा बहुधा यंत्राकडे तोंड करून जमिनीवर बसलेला असतो. वापरणारा यंत्रावर उभा असतो. दोघे समोरासमोर असले की एकाचे डावे ते दुसऱ्याचे उजवे. ‘पुढे’ आणि ‘मागे’ या शब्दांचेही तसेच. जड चाक काही यंत्रांत पुढच्या बाजूस, तर काहींत मागच्या बाजूस असते. म्हणून चाकावरूनही दिशा ठरवता येत नाही. सर्व दिशा यंत्रावर उभ्या राहून आकडे दाखविणाऱ्या फलकाकडे पाहणाऱ्या माणसाच्या समजाव्यात, असे पहिल्याच ओळीत सांगितले की संदिग्धता संपते. सुट्या भागांवर ‘एल’ व ‘आर’ ही रोमन अक्षरे चिकटवलेली असतात. मराठी पत्रकाने त्यांचा उल्लेख केलाच पाहिजे. वाचकाच्या हातात वस्तू असते, तिच्यावर ‘डावे’ असे लिहिलेले नसते.

या चुकीची किंमत लहान नाही. सायकलच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे प्रत्येक सायकल-दुरुस्तीवाल्यास माहीत असते. पुष्कळ इलिप्टिकल यंत्रांतही डाव्या बाजूच्या काही बोल्टांचे आटे तसेच उलटे असतात. अशा ठिकाणी डाव्या-उजव्याची अदलाबदल करून पान्याने जोर लावला तर आटे जातात, आणि आटे गेलेले पायडल पुढे भार पडल्यावर निसटू शकते. फिरविण्याची दिशा सांगताना काही लेखक ‘सव्य’ व ‘अपसव्य’ या संज्ञा वापरतात. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे डावा, तर मराठी शास्त्रीय परिभाषेत सव्य दिशा म्हणजे घड्याळाच्या काट्याची दिशा. ज्याला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत तोच वाचक अधिक घोटाळ्यात पडेल. ‘घड्याळाच्या काट्यांप्रमाणे’ हा लांब शब्दप्रयोग येथे अधिक सुरक्षित आहे.

६. आज्ञार्थ आणि विध्यर्थ

आपली सूचनापत्रे सरसकट विध्यर्थात लिहिली जातात : बोल्ट आवळावेत, सतरंजी अंथरावी, वैद्यांचा सल्ला घ्यावा. विध्यर्थातून कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता असे अनेक अर्थ निघतात. त्यामुळे जे न केल्यास पाय मोडेल आणि जे न केल्यास फरशीवर ओरखडा उठेल, अशा दोन्ही गोष्टी एकाच पातळीवर येतात. आंतरराष्ट्रीय मानके लिहिताना बंधनकारक अट आणि शिफारस यांसाठी वेगवेगळी सहायक क्रियापदे नेमून दिलेली असतात. आपल्यालाही ही सोय सहज करता येईल : अनिवार्य कृतीसाठी आज्ञार्थ, शिफारशीसाठी विध्यर्थ. असा नियम पाळल्यास रूपावरूनच वाचकाला महत्त्व कळेल.

क्रियाविशेषणाविषयीही एक दक्षता घ्यावी लागते. ‘छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास ताबडतोब थांबा’ ही सूचना वैद्यकीय दृष्ट्या रास्तच आहे. परंतु घाबरलेला मनुष्य ‘ताबडतोब थांबा’ याचा अर्थ ‘ताबडतोब उतरा’ असा घेतो आणि फिरत्या पायडलांवरून पाय काढतो. कृती क्रमाने सांगितल्यास हा धोका टळतो : जोर लावणे ताबडतोब सोडा, स्थिर दांडा धरा, पायडले थांबू द्या, मग उतरा आणि बसा.

७. सूचनांचा नमुना

वरील तत्त्वांनुसार पुढील मसुदा तयार केला आहे. विद्यार्थ्यांनी तो तपासावा, दोष दाखवावेत. विशिष्ट यंत्राच्या पत्रकातील अधिक सूचना अर्थातच त्याला जोडाव्या लागतील.

जोडणी : (१) डावी-उजवी बाजू यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाची समजा. (२) सपाट व कोरडी जागा निवडा. आयएसओ २०९५७ या मानकाच्या पहिल्या भागानुसार, ज्या बाजूने यंत्राजवळ जावयाचे त्या बाजूस व्यायामाच्या जागेपलीकडे निदान ०.६ मीटर जागा मोकळी ठेवा. (३) पायडल सर्वांत वर असता डोके कोठवर जाते ते मोजा. छताचा पंखा आणि माळा यांपासून डोके दूर राहील अशी जागा धरा. (४) जड भाग दोघांनी मिळून उचला. (५) सर्व बोल्ट प्रथम हाताने बसवा; सर्व बसल्यावर पान्याने आवळा. (६) बोल्ट सहज फिरत नसेल तर जोर लावू नका. बाजू आणि आट्यांची दिशा पुन्हा पाहा. (७) यंत्र डुगडुगत असेल तर खालचे टेकू फिरवून ते स्थिर करा. (८) पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर बोल्ट पुन्हा आवळा. (९) खाली रबरी चटई अंथरावी.

चढणे : (१) स्थिर दांडा धरा. (२) खालच्या पायडलावर आधी पाय ठेवा. (३) दुसरा पाय वरच्या पायडलावर ठेवा.

उतरणे : (१) जोर लावणे सोडा, दोन्ही पाय पायडलांवरच ठेवा. (२) पायडले पूर्ण थांबू द्या. (३) स्थिर दांडा धरून वरच्या पायडलावरचा पाय आधी जमिनीवर ठेवा. (४) मग खालच्या पायडलावरचा पाय काढा.

सर्वांसाठी : (१) यंत्र चालू असताना आणि बंद असतानाही मुलांना दूर ठेवा, हाताने ढकलले तरी पायडले फिरतात आणि बोटे सापडतात. (२) सैल कपडे, ओढणी, पदर आवरून घ्या. (३) हृदयविकार, रक्तदाब किंवा सांध्यांचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. (४) दांड्यावरील नाडीमापकाचा आकडा केवळ अंदाजासाठी धरावा. त्यावरून औषधोपचार ठरवू नका.

चढताना खालचे पायडल आधी, उतरताना वरचे पायडल आधी, या क्रमामागे एकच कारण आहे. खालच्या पायडलाला आणखी खाली जावयास वाव नसतो, म्हणून देहाचा भार नेहमी त्याच्यावर राहावा. कारण सांगितले की क्रम लक्षात राहतो.

समारोप

हा मसुदा मी भगिनींना वाचून दाखविला. त्यांनी उतरण्याच्या दुसऱ्या सूचनेपाशी मला थांबविले आणि ‘थांबू द्या’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. त्या आता पुन्हा रोज वीस मिनिटे त्या यंत्रावर व्यायाम करतात.

पदव्युत्तर वर्गात धातुसाधिते शिकविताना आपण अद्याप जुन्या गद्यातील उदाहरणे घेतो, आणि ती घेतलीच पाहिजेत. त्यांच्या जोडीला प्रेशर कुकर, गॅस शेगडी, पाणी तापविण्याचे उपकरण आणि औषधाची बाटली यांच्यासोबत येणारी मराठी पत्रकेही टेबलावर यावीत. प्रत्येक पत्रकात कर्ता कोण, कोणती क्रिया आधी संपावयास हवी आणि निषेध कोठे पडतो, हे तीन प्रश्न विचारून विद्यार्थ्यांनी टिपणे केली, तर विभागाजवळ एक उपयुक्त संग्रह तयार होईल. ते काम या वर्षीच हाती घेता येण्याजोगे आहे.