धुकें, धूर आणि हौशी छायाचित्रकार

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत रहिमतपूरच्या शिवारांत एकदम उजाडत नाहीं. गांवाच्या पूर्वेला वर्धनगडापासून मच्छिंद्रगडाकडे गेलेली डोंगरांची ओळ आहे. सूर्य उगवल्यावरहि तिच्यामागून वर येण्यास त्याला थोडा अवकाश लागतो. तेवढ्या वेळांत पश्चिमेच्या कृष्णाकांठापासून उसाच्या फडांपर्यंत पांढरा पडदा पसरलेला असतो, शाळूच्या पानांवर दंव सांचलेलें असतें, आणि वस्तीवरील चुलींचा धूर वर चढतां चढतां मध्येंच थबकून आडवा होतो. मोबाइल फोन घरोघरीं आल्यापासून हें दृश्य टिपणाऱ्यांची वाण राहिलेली नाहीं. दूध घालावयास निघालेला शेतकरी, शाळेच्या वाटेवरील विद्यार्थी, सकाळीं फिरावयास बाहेर पडलेला पेन्शनर, यांपैकीं कोणीहि रस्त्याच्या कडेला थांबतो, चित्र घेतो आणि घरीं पोंचण्यापूर्वीं तें आप्तमित्रांना पाठवितो. पाठविण्यापूर्वीं चित्र थोडें उजळावें, थोडें रंगवावें, ही इच्छाहि बहुतेकांना होते.

येथेंच दोन प्रश्न उभे राहतात. डोळ्यांनीं पाहिलेली सकाळ आणि चित्रांत उतरलेली सकाळ यांत एवढें अंतर कां पडतें? आणि तें अंतर भरून काढण्याच्या खटपटींत चित्रावर किती संस्कार करावा, कोठें थांबावें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर विज्ञानाचें आहे. दुसऱ्याचें उत्तरहि बऱ्याच अंशीं त्यांतूनच निघतें.

प्रथम समोरच्या हवेंत काय घडतें तें पाहिलें पाहिजे. हिंवाळ्यांतील निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशांत सोडीत राहते. ढगांचें पांघरूण नसल्यानें त्या उष्णतेपैकीं फारच थोडी परत येते. जमीन निवते, तिला लागून असलेली हवा निवते, आणि ही थंड, जड हवा उतारावरून ओघळत ओढ्यांत व नदीच्या पात्राकडे जाऊन सांचते. तेथें नदीचा आणि पाणी पाजलेल्या उसाचा ओलावा तिला मिळतो. हवा जितकी थंड, तितकी तिची वाफ धरून ठेवण्याची शक्ति कमी. म्हणून जास्तीची वाफ सूक्ष्म थेंबांच्या रूपानें प्रकट होते. ती पानावर जमली तर दंव, आणि हवेंत तरंगत राहिली तर धुकें. एरवीं पायथ्यापेक्षां डोंगराचा माथा थंड असतो. अशा रात्रीं मात्र कांहीं उंचीपर्यंत हा क्रम उलटतो. खालीं थंड हवा आणि तिच्यावर ऊबदार हवेचें झांकण, अशी रचना होते. चुलीचा धूर या झांकणापर्यंत चढतो आणि पुढें जाण्याचें बळ न उरल्यानें आडवा पसरतो. ऊन चढून जमीन तापूं लागली म्हणजे झांकण मोडतें, आणि पाहतां पाहतां सारें दृश्य विरून जातें. हिंवाळ्याच्या छायाचित्रकाराला वेळ थोडा मिळतो, तो यामुळें.

ऊन आल्यावरहि या ऋतूचा एक गुण त्याच्या उपयोगी पडतो. २२ डिसेंबरच्या सुमारास रहिमतपुरास सूर्य नेमका पूर्वेला न उगवतां सुमारें २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, आणि भर दुपारींहि क्षितिजापासून सुमारें ४९ अंशांपेक्षां वर चढत नाहीं. उभ्या माणसाची दुपारची सावली त्या दिवशीं त्याच्या उंचीच्या जवळजवळ सात-अष्टमांश असते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत तीच सावली पायांखालीं नाहींशी होते. हिंवाळ्यांत ऊन दिवसभर तिरपें पडतें. नांगरटीच्या तासांना, जुन्या भिंतींच्या दगडांना, माणसाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांना त्यामुळें उठाव येतो. गांवांत विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या नांवाशीं जोडलेली कबर आहे, मशीद आहे, आणि पाणी वर चढविण्यासाठीं बांधलेला उंच बुरूज आहे. त्यांचें चित्र घ्यावयास डिसेंबर-जानेवारीइतका सोयीचा काळ दुसरा नाहीं.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. प्रकाश मोजणाऱ्या साध्या यंत्राला समोर काय आहे हें कळत नाहीं. दृश्य सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें असणार, असें तें गृहीत धरतें व त्या हिशेबानें प्रकाश आंत घेतें. धुकें तर पांढरें. म्हणून यंत्र तें करडें करून टाकतें. डोळ्यांना दुधासारखी दिसलेली सकाळ चित्रांत राखेसारखी मळकट उतरते. बर्फाच्या प्रदेशांतील छायाचित्रकारांना हा अनुभव नित्याचा आहे. तेथें पांढरें बर्फ याच कारणानें करडें पडतें. अलीकडचे फोन दृश्य ओळखून ही चूक सुधारूं पाहतात. तरी ती पुष्कळदां शिल्लक राहते. उपाय सोपा आहे. पडद्यावर धुक्यावर बोट ठेवावें आणि उजेडाची मात्रा थोडी वाढवावी. छायाचित्रणाच्या भाषेंत एक पायरी म्हणजे दुप्पट प्रकाश. दाट धुक्याला पाऊण ते एक पायरी वाढ बहुधा पुरते.

मात्र सूर्याचें बिंब किंवा पाण्यावरील चकाकी चौकटींत असेल तर सांभाळून वागावें लागतें. जुन्या फिल्मच्या निगेटिव्हमध्यें उजळ भाग बराच ताण सहन करीत, पण ज्या काळोख्या भागाला प्रकाश मिळालाच नाहीं तो कायमचा हरवत असे. आजच्या अंकीय चित्रांत याच्या उलट घडतें. काळोखांत दडलेलें पुष्कळसें मागाहून वर काढतां येतें. एकदां पांढरेंफेक झालेलें परत येत नाहीं. बिंबाभोवतींची छटा जपून चित्र घ्यावें आणि झाडांच्या सावल्या मागाहून उजळाव्या, हा क्रम त्यासाठींच आहे.

दुसरी चूक रंगाची. दुपारच्या उन्हाचें रंगतापमान सुमारें ५५०० केल्व्हिन मानतात. उगवत्या सूर्याचा प्रकाश ३००० च्या आसपास किंवा त्याहूनहि खालीं, म्हणजे तांबूस असतो, आणि उघड्या आकाशाखालच्या सावलींतील प्रकाश ७००० च्या वर जाऊन निळसर होतो. मनुष्याचा डोळा हा फरक जुळवून घेतो, पण तांबूसपणाची जाणीव पुरती पुसून टाकीत नाहीं. यंत्र मात्र स्वतःहून रंग जुळवितांना सकाळचें सोनेंच नाहींसें करतें. म्हणून रंगसमतोल यंत्रावर न सोंपवितां ‘सूर्यप्रकाश’ या खुणेवर ठेवला, तर पहाट पहाटेसारखी दिसते. ज्याला मागाहून निवांत संस्कार करावयाचे असतील त्यानें चित्र रॉ स्वरूपांत घ्यावें. जेपीजी चित्रांत यंत्रानें आपले निर्णय आधींच करून टाकलेले असतात; रॉ चित्रांत ते माणसाच्या हातीं राहतात.

एक बारीकशी अडचण या भागांत विशेष येते. थंड शिवारांतून एकदम गुऱ्हाळांत शिरून उकळत्या काहिलीचें चित्र घेऊं गेल्यास गार भिंगावर वाफ धरते आणि चित्र अंधुक येतें. कॅमेरा थोडा वेळ आडोशाला ठेवून त्याला तेथील ऊब येऊं द्यावी, एवढेंच करावयाचें.

चित्रावर मागाहून संस्कार करणें ही संगणकानें आणलेली नवी रीत आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वापरांत असलेल्या कांचा निळ्या प्रकाशाला फार हळव्या होत्या. त्यामुळें जमीन नीट उतरली तर आकाश कोरें पांढरें पडे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचीं जीं चित्रें केलीं, त्यांपैकीं कांहींत पाणी एका निगेटिव्हचें आणि ढग दुसऱ्याचे आहेत. पुढें स्टुडिओंतून निगेटिव्हवर पेन्सिलीनें सुरकुत्या पुसण्याचा व छापावर हातानें रंग भरण्याचा धंदाच झाला. अंधाऱ्या खोलींत छाप काढतांना प्रकाशाच्या वाटेंत हात धरून एखादा भाग उजळ ठेवणें, किंवा भोंक पाडलेल्या पुठ्ठ्यांतून जास्त प्रकाश देऊन तो गडद करणें, हीं कामें प्रत्येक जाणता छायाचित्रकार करी. आज बोटानें सरकवावयाच्या पट्ट्या आहेत, त्यांतील पुष्कळशा याच हस्तकौशल्यांचे वारस आहेत.

चित्रें एकमेकांना दाखविण्याची हौसहि जुनीच आहे. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पॅरिसचा छायाचित्रणाचा शोध जगाला कळून तेव्हां अवघीं पंधरा वर्षें झालीं होतीं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं होते. १८५६ ते १८५८ या काळांत विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनीं मुंबईहून ‘इंडियन ॲमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम’ या नांवाचें मासिक चालविलें. छायाचित्र शाईनें छापण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांत खरे छाप चिकटविलेले असत, आणि चित्रांसोबत त्यांचें वर्णनहि दिलेलें असे. हौशी लोकांच्या या उद्योगाची किंमत त्या वर्णनामुळें शतगुणित झाली. चित्रांत कोण आहे, कोठलें आहे, हें लिहिलेलें असल्यानें तीं चित्रें आज मुंबईच्या इतिहासाचीं साधनें ठरलीं आहेत.

रहिमतपूरच्या धुक्याशीं या गोष्टीचा संबंध जवळचा आहे. उसाच्या मुलखांत हिंवाळा हा तोडणीचा हंगाम. तोडणीनंतर फडांत राहिलेलें पाचट कित्येक ठिकाणीं पेटवून देतात. तो धूर, चुलींचा धूर आणि नदीवरील धुकें एकाच झांकणाखालीं कोंडलीं जातात, आणि चित्रांत तिन्ही सारखींच पांढुरकीं दिसतात. परंतु त्यांच्यांत भेद आहे. धुक्याचा थेंब बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. प्रकाशाच्या लहरींच्या मानानें तो इतका मोठा, कीं सर्व रंग सारखेच विखुरतो. म्हणून धुकें पांढरें. ताज्या, विरळ धुराचे कण त्याहून कितीतरी बारीक. ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. म्हणून काळ्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर असा धूर निळसर दिसतो, आणि त्याच्या आडून सूर्य पाहिला तर तांबूस दिसतो. ओलें पाचट धुमसत असेल तर वाफ मिसळून त्याचा धूरहि पांढरा होतो, आणि मग नुसत्या रंगावरून निर्णय करणें कठीण.

आतां चित्रावरील संस्काराचा विचार करावा. हल्लीं ‘धुकें हटवा’ अशा अर्थाची एक पट्टी बहुतेक संस्कारसाधनांत असते. ती धुकें आणि धूर असा विवेक करीत नाहीं. दोन्ही सारखींच पुसते. उलट बाजूला सरकविली तर नसलेलें धुकेंहि पसरविते. रंगाची पट्टी फार ओढली तर धुराचा निळेपणा जातो आणि कोंडलेल्या हवेची सकाळ देखणी धुक्याची सकाळ बनते. त्या सकाळीं घरांतील दम्याच्या रोग्याला श्वास घेणें जड गेलें असेल. चित्र पाहणारा मात्र ‘वा, काय सुंदर धुकें!’ म्हणून तें पुढें पाठवितो. एका चित्रानें फारसें बिघडत नाहीं. शेंकडों चित्रें अशींच फिरलीं, म्हणजे गांवाच्या हवेविषयीं गांवाचीच समजूत बदलते.

धुकें साफ पुसण्यांत कलेच्या दृष्टीनेंहि तोटाच आहे. रहिमतपूर हें औंधाला जाणाऱ्यांचें रेल्वे स्टेशन. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनीं उभारलेलें श्रीभवानी वस्तुसंग्रहालय १९३८ पासून चित्ररसिकांना ओढून घेत आलें आहे. पाश्चात्य पद्धतीचें निसर्गचित्र पाहतांना ध्यानांत येतें, कीं चित्रकार दूरचा डोंगर जवळच्यापेक्षां फिका व निळसर रंगवितो. हवेच्या त्या पातळ थरांमुळेंच सपाट कापडावर अंतर निर्माण होतें. ‘धुकें हटवा’ची पट्टी शेवटापर्यंत ओढणारा हें अंतरच पुसून टाकतो. त्याच्या चित्रांतील वर्धनगडाची रांग जवळच्या बांधाला चिकटून उभी राहते.

यावरून संस्काराची मर्यादा ठरवितां येते. यंत्रानें केलेली चूक सुधारावी. हवेनें केलेलें काम बदलूं नये. करडें पडलेलें धुकें पांढरें करणें, नाहींशी झालेली सकाळची तांबूस छटा परत आणणें, वांकडें क्षितिज सरळ करणें, काळोखांतील चेहरा उजळणें, हीं सर्व यंत्राच्या दोषांचीं दुरुस्ती होय. दुसऱ्या दिवसाचें आकाश आणून बसविणें, नसलेले पक्षी उडविणें, धुराचें धुकें करणें, ही निराळी कृति आहे. ती कोणीं करूं नये असें नाहीं. ल ग्रेनें ढग जोडलेच होते. पण अशा चित्राखालीं तसें लिहावें, म्हणजे पाहणाऱ्याची फसगत होत नाहीं.

व्हॉट्सॲपवरून साधें चित्र म्हणून पाठविलें तर तें आकसतें, आणि कोठें व केव्हां घेतलें याची त्यांत नोंदलेली माहितीहि गळून पडते. म्हणून मूळ चित्र, संस्कार न केलेलें, वेगळें जपावें, आणि पाठवितांना दोन ओळी स्वतः लिहाव्या: जागा, तारीख, वेळ, कोणत्या दिशेला तोंड करून घेतलें, आणि दिसतें तें धुकें कीं धूर. शेवटचें पाहणाऱ्याला कळत नाहीं. तेथें उभा असलेल्याला मात्र सहज कळतें, कारण त्याला वास आलेला असतो.

एकाच गांवांतील चार-पांच हौशी माणसांनीं मिळून एक जागा निवडावी. मशिदीजवळचा तो जुना बुरूज चौकटींत येईल अशी जागा चांगली. पौषांतील त्याच आठवड्यांत, त्याच वेळीं, दरसाल एक चित्र घ्यावें, खालीं दोन ओळी लिहाव्या, आणि वर्षाअखेर सर्वांनीं आपापलीं चित्रें एकत्र मांडून पाहावीं. पहिल्या सालीं त्यांत विशेष असें कांहीं दिसणार नाहीं. दहाव्या सालीं बुरुजामागची झाडें किती उरलीं, घरें किती वाढलीं, आणि सकाळची हवा पांढरी राहिली कीं निळी होत गेली, हें त्या दहा चित्रांवरून कोणालाहि सांगतां येईल.