स्थिर चित्र हलते कसे?

हा लेख पुढे वाचण्याआधी एक चित्र काढा. कोऱ्या कागदावर कंपासने ६ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याच केंद्रातून आत १.५ सेंटिमीटर त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढा. आता कोनमापकाने दर ५ अंशांवर खुणा करा आणि आतल्या वर्तुळापासून बाहेरच्या वर्तुळापर्यंत काळ्या शाईने रेघा ओढा. एकूण ७२ रेघा होतील. केंद्रावर एक ठिपका द्या.

झाले चित्र? आता ते हातभर अंतरावर धरा आणि अर्धा मिनिट ठिपक्याकडे टक लावून पाहा. रेघा थरथरू लागतील. त्यांच्यामध्ये काहीतरी चकाकल्यासारखे वाटेल. (डोके दुखू लागले किंवा गरगरल्यासारखे वाटले, तर लगेच थांबा.) लगेच नजर कोऱ्या कागदाकडे वळवा. त्यावर अंधूक लाटा गोल गोल फिरताना दिसल्या, तर नवल वाटू देऊ नका. डोनाल्ड मॅके या ब्रिटिश शास्त्रज्ञाने अशाच किरणाकृतीचे हे परिणाम १९५७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते.

शाई वाळलेली, कागद स्थिर. मग हलले काय?

हाच प्रश्न काही चित्रकारांनाही भुरळ घालत होता. इंग्लंडमधील ब्रिजेट रायली यांनी १९६१ साली ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ हे चित्र काढले. त्यात ना माणूस, ना झाड, ना घर. बुद्धिबळाच्या पटासारखे नुसते काळे-पांढरे चौकोन! सगळ्यांची उंची सारखी. मात्र मध्याच्या थोडे उजवीकडे जाईपर्यंत त्यांची रुंदी कमी कमी होत जाते आणि मग पुन्हा वाढते. एवढ्यानेच सपाट पट तेथे आत वळून घडीत शिरल्यासारखा दिसतो. त्यांच्या १९६३ च्या ‘फॉल’ या चित्रात तर वळणदार काळ्या रेघांचा धबधबाच कोसळताना भासतो. हंगेरीत जन्मलेले आणि फ्रान्समध्ये काम केलेले व्हिक्टर व्हासारेली हेही याच वाटेचे प्रवासी. १९६५ साली न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ या संग्रहालयात अशा चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. या शैलीला ‘ऑप आर्ट’ म्हणतात. ‘ऑप’ म्हणजे ‘ऑप्टिकल’, अर्थात दृष्टीशी संबंधित.

आता कोडे सोडवू. त्यासाठी आणखी एक प्रयोग. लाल घोटीव कागदाचा रुपयाएवढा गोल कापून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याच्या मध्याकडे अर्धा मिनिट एकटक पाहा. मग दुसऱ्या पांढऱ्या कागदावरील पेन्सिलीच्या ठिपक्यावर नजर रोखा. तेथे हिरवट-निळसर गोल दिसेल. ही लाल गोलाची उत्तरप्रतिमा. लाल प्रकाशाने दृष्टिपटलाचा तेवढा भाग थकल्यामुळे ती उमटते. आता पेन्सिलीचा ठिपका त्या गोलाच्या बरोबर मध्यावर ठेवायचा प्रयत्न करा. जमते का? नाही! गोल सारखा इकडेतिकडे सरकतो.

उत्तरप्रतिमा तर दृष्टिपटलावर छाप मारल्यासारखी पक्की असते. ती सरकते, याचा अर्थ डोळाच सरकतो. आपण कितीही टक लावली, तरी बुबुळ किंचित किंचित हलतच असते. एरवी मेंदू त्याकडे दुर्लक्ष करतो, म्हणून आपल्याला ते कळत नाही.

पण दाट, ठळक, एकसारख्या रेघा समोर आल्या की पंचाईत होते. डोळा किंचित सरकताच रेघांची नवी प्रतिमा आधीच्या विरत चाललेल्या प्रतिमेच्या जरा बाजूला पडते. जवळजवळ सारखी दोन जाळी एकमेकांवर आली की काय होते, हे पाहायचे असेल तर दोन बारीक दातांचे कंगवे घ्या. ते एकावर एक किंचित तिरके धरून उजेडाकडे पाहा. रुंद काळे पट्टे दिसतील. एक कंगवा केसभर सरकवा. पट्टे मात्र भराभर धावतील. डोळ्याची इवलीशी हालचालही अशीच मोठी होऊन जाणवू शकते.

अर्थात हे एकच कारण नव्हे. ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’मधील घडी मेंदूच्या सवयीमुळे दिसते. एखादा पृष्ठभाग आपल्यापासून वळत गेला की त्यावरील चौकोन अरुंद दिसतात, हे मेंदूला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून अरुंद चौकोन दिसताच तो वळणाचा अंदाज बांधतो. जपानच्या अकियोशी किताओका यांच्या २००३ च्या प्रसिद्ध चित्रातील ‘फिरणारे साप’ कसे फिरतात, यावर अजून संशोधन चालू आहे. २०१२ साली अमेरिकेतील प्रयोगात असे आढळले, की पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या सूक्ष्म उड्या आणि पापण्यांची उघडझाप वाढली, की साप फिरू लागतात; त्या कमी झाल्या, की थांबतात.

मग डोळ्याचे हे हलणे म्हणजे दोष समजायचा का? १९५२-५३ च्या सुमारास इंग्लंड व अमेरिकेतील संशोधकांनी डोळ्यावर बसणाऱ्या भिंगाला छोटा आरसा जोडला आणि डोळ्याबरोबर चित्रही तेवढेच सरकेल, अशी युक्ती केली. त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलावर एकाच जागी राहिली. आणि काय आश्चर्य! काही सेकंदांतच चित्र फिके होऊन दिसेनासे झाले. दृष्टिपटलातील पेशी बदल टिपतात. बदलच थांबला, तर त्याही गप्प होतात.

म्हणजे ज्या थरथरीमुळे स्थिर चित्र हलते, तिच्यामुळेच समोरची भिंत, पुस्तक आणि आईचा चेहरा आपल्याला सतत दिसत राहतो. डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे. पाहणे हे डोळा आणि मेंदू यांचे अखंड चाललेले काम आहे. आता तुमचे चित्र मित्रांना दाखवा. हालचाल सर्वांना सारखीच दिसते का, हे विचारा आणि उत्तरे वहीत नोंदवा. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेले आणि त्यांनी पाहिलेले एकच आहे का?