सरावपरीक्षा आणि तिची तपासणी

अमरावतीच्या गाडगेनगरात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत, हिवाळा सरत आला असताना, कोणत्याही अभ्यासिकेत पाऊल टाकले तर लोकसेवा आयोगाचे जाडजूड ग्रंथ पुढ्यात घेऊन बसलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांमध्येच एखाददुसरा तरुण अथवा तरुणी संगणकाच्या पडद्यावर दृष्टी खिळवून, एका कोपऱ्यात उलट मोजणी करीत धावणाऱ्या घड्याळाशी झुंजताना आढळते. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेची ही तालीम. विद्यार्थी तिला ‘मॉक’ म्हणतात. पूर्वी या तालमीसाठी पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागे, आणि ज्याच्या घरची ऐपत तेवढी नसे त्याचा विचार तिथेच खुंटत असे. आता आंतरजालाच्या कृपेने जी प्रश्नपत्रिका पुण्यातील विद्यार्थी सोडवतो तीच त्याच दिवशी मूर्तिजापूरच्या किंवा अचलपूरच्या विद्यार्थ्यालाही सोडवता येते. साधनांची ही विषमता पुष्कळ अंशी मिटली, ही समाधानाची बाब खरी. परंतु सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेचे पुढे काय करावयाचे, हे शेजारी बसून सांगणारे माणूस मात्र वऱ्हाडात अजून दुर्मीळ आहे, आणि माझ्या मते सगळे अडते ते तेथेच.

आपल्याकडील विद्यार्थ्यांपुढे मुख्यतः दोन परीक्षा असतात. पहिली, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एमबीए-सीईटी. गेल्या काही वर्षांच्या आराखड्यानुसार तीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांपैकी ७५ तार्किक अनुमानाचे, २५ आकृत्यांवर आधारलेल्या अमूर्त अनुमानाचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजी भाषेचे. दुसरी, भारतीय प्रबंधन संस्थांची कॅट. ती साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते आणि २०२०पासून तिची मुदत दोन तासांची असून भाषा, माहितीचे विश्लेषण व गणित या तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे बांधून दिलेली आहेत. नागपूरची भारतीय प्रबंधन संस्था २०१५ साली सुरू झाली आणि आज मिहानमध्ये तिची स्वतःची वास्तू उभी आहे. त्यामुळे ज्या संस्थेचे नाव एकेकाळी आमच्या मुलांना अहमदाबाद-कलकत्त्याइतके दूरचे वाटे, ती आता बडनेऱ्याहून गाडीने काही तासांच्या अंतरावर आली आहे.

या दोन परीक्षांचा स्वभाव इतका भिन्न आहे की एकीची तालीम दुसरीस जशीच्या तशी लागू करणाऱ्याचे नुकसान ठरलेले. सीईटीत एका प्रश्नाच्या वाट्यास सरासरी अवघे ४५ सेकंद येतात, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे आपल्या हाताने गुण सोडून देणे होय. अखेरची दोन मिनिटे उरलेल्या प्रश्नांवर खुणा करण्यासाठी राखून ठेवण्याची सवय सरावातच अंगी बाणवावी लागते, ऐन परीक्षेत ती आठवत नाही. कॅटमध्ये हिशेब निराळा. बरोबर उत्तरास तीन गुण, आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून उत्तर निवडणाऱ्याला सरासरीने काहीच मिळत नाही, कारण चारांतून एकदा तीन मिळाले तर उरलेल्या तीन वेळा एकेक जातो. मात्र चारांपैकी एक पर्याय निश्चितपणे चूक आहे असे ओळखता आले की पारडे किंचित आपल्या बाजूस झुकते, आणि दोन बाद करता आले तर निवड करणे उघडच फायद्याचे ठरते. एवढे गणित ज्याने एकदा कागदावर मांडून पाहिले, त्याच्या मनातील ‘हा प्रश्न घ्यावा की सोडावा’ ही घालमेल निम्म्याने कमी होते.

‘सर, इतक्या टेस्ट दिल्या, पण स्कोर काही वाढून नाही राहिला,’ ही तक्रार अमरावती-अकोल्यात इतक्या वेळा कानी येते की तिचे कारण शोधणे अगत्याचे आहे. परीक्षा देण्याने ज्ञान पक्के होते, यात संशय नाही. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एकच उतारा चार सत्रांत वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचून तीनदा नुसत्या आठवणीने लिहून काढला. पाच मिनिटांनंतर वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवत होते आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले, लिहिणाऱ्यांकडे ६१. तथापि हा प्रयोग स्मरणाचा होता. प्रवेशपरीक्षेत स्मरणाबरोबरच निवडीची, गतीची आणि संयमाची कसोटी लागते, आणि चुकीची निवड पुनःपुन्हा करीत राहिल्याने ती सुधारत नाही. उलट अधिक घट्ट होते. ज्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभे आहे, तेथे हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी: वस्ताद पोराला नुसत्या कुस्त्या लढवीत नाही, प्रत्येक कुस्तीनंतर पकड कोठे सुटली ते दाखवतो.

तपासणी म्हणजे काय, ते एका प्रश्नावरून पाहू. कापसाचा भाव २५ टक्क्यांनी वाढला. जिनिंगच्या मालकाला खरेदीचा एकूण खर्च पूर्वीइतकाच ठेवावयाचा असेल, तर त्याने माल किती टक्के कमी घ्यावा? एक विद्यार्थी भाव शंभर धरतो, माल शंभर धरतो, दहा हजारांना १२५ने भागतो, ८० येतात, आणि २० टक्के हे बिनचूक उत्तर दीड मिनिटाने नोंदवतो. दुसरा मनाशी म्हणतो, भाव चाराचा पाच झाला, तेव्हा माल पाचाचा चार झाला पाहिजे. म्हणजे एकपंचमांश घट, २० टक्के, आणि तो दहा सेकंदांत पुढे सरकतो. गुणपत्रकात दोघांच्या नावे सारखाच एक गुण, आणि पहिला विद्यार्थी ‘बरोबर’ अशी हिरवी खूण पाहून तो प्रश्न पुन्हा कधी उघडत नाही. वास्तविक त्याच्या हातून त्या ठिकाणी आणखी एका प्रश्नाचा वेळ निसटला होता. म्हणून चुकलेल्या प्रश्नांइतकेच, विलंबाने बरोबर आलेले प्रश्नही तपासणीस घेतले पाहिजेत.

यासाठी साधी दोनशे पानी वही पुरते. चुकलेल्या, सुटलेल्या आणि रेंगाळलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहावे: विषयच ठाऊक नव्हता, ठाऊक असून घाईत वाचला नाही, लांबची रीत धरली, की मुळात तो सोडून पुढे जावयास हवे होते. त्यानंतर उत्तर झाकून तो प्रश्न घड्याळाविना पुन्हा सोडवावा. अडीच तासांच्या परीक्षेला अशा तपासणीचे चार तास सहज लागतात आणि ते द्यावेत; आठवड्यात एक परीक्षा आणि तिची पूर्ण तपासणी, हे प्रमाण रोज एक परीक्षा देऊन गुणांचा आकडा पाहण्यापेक्षा कितीतरी हितावह आहे. चार-सहा परीक्षांनंतर वही चाळली की बहुतेकांच्या चुका दोन-तीन ठिकाणीच साचलेल्या दिसतात. मराठी माध्यमातून आलेल्यांच्या बाबतीत पुष्कळदा असे उघड होते की त्यांचे गणित उत्तम असूनही इंग्रजी उतारा दोनदा वाचावा लागल्याने वेळ तेथे गेलेला असतो. त्यावर सरावपरीक्षा हा उपायच नव्हे, रोजचे इंग्रजी वाचन हाच उपाय.

पर्सेंटाइलच्या आकड्याविषयीही एक इशारा आवश्यक आहे. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. एक लाख परीक्षार्थी असतील तर सुमारे एक हजारजण आपल्या पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सरावपरीक्षेत दिसणारा आकडा हा त्या विशिष्ट मालिकेतील विद्यार्थ्यांशी केलेल्या तुलनेचा असतो, आणि तो समुदाय प्रत्यक्ष परीक्षेतील समुदायाहून वेगळा असल्यामुळे त्याने फुलूनही जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये.

परीक्षेचा आराखडा बदलू शकतो, तेव्हा त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका प्रत्येकाने स्वतः वाचावी, आणि कॅटच्या संकेतस्थळावरील नमुना परीक्षा तर अवश्य सोडवावी. परंतु तपासणीस सोबत हवी, आणि ती देणे हे आपल्या संस्थांच्या हाती आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. अमरावती, बडनेरा आणि अकोला येथील महाविद्यालयांत सुसज्ज संगणककक्ष आहेत, आणि रविवारी ते बंद असतात. डिसेंबरपासून सीईटीपर्यंतच्या रविवारी सकाळी हे कक्ष उघडून, पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेथे एकत्र सरावपरीक्षा द्यावयास बसवावे, आणि दुपारी एखाद्या प्राध्यापकाने किंवा नुकत्याच प्रवेश मिळवलेल्या माजी विद्यार्थ्याने त्यांच्यासमवेत प्रश्नागणिक तपासणी करावी, अशी या संस्थांच्या चालकांना माझी विनंती आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, शासनाची मंजुरी लागत नाही. कक्षाची किल्ली आणि एका शिक्षकाचा रविवार, एवढेच लागते.