विद्यार्थी व मार्गदर्शक यांची जोड

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून पेन्शनींत निघालों. पीक एका गटांत उभें आणि नोंद दुसऱ्याच गटावर, अशी चूक झाली म्हणजे खातेदारास कचेरीचे किती हेलपाटे पडतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. शेतकी विद्यापीठांत संशोधनास बसणारा विद्यार्थी व त्याचा मार्गदर्शक यांची जोड चुकली, तर तसेंच होतें.

आमच्या पुतण्याचें उदाहरण घ्या. घरीं कांद्याची चाळ आहे. चाळींत दरसाल कांदा कां सडतो, हें शोधून काढण्याच्या इच्छेनें त्यानें वनस्पतिरोगशास्त्र घेतलें. पुढें मार्गदर्शक वांटून देण्यांत आले ते गुणानुक्रमानें व रिकाम्या जागा पाहून. वांट्यास आलेले गृहस्थ विद्वान व सज्जन होते. पण त्यांचें काम हरभऱ्याच्या मर रोगावर. दोघांसही कोणीं कांहीं विचारलें नाहीं. मुलानें दोन वर्षें मेहनत करून पदवी मिळविली. चाळींतला कांदा मात्र अद्याप सडतोच आहे.

याउलट जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची हकीकत पाहा. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळें हें नांव आपल्याकडे सुपरिचित आहे. गुलामगिरींत जन्मलेला हा तरुण अमेरिकेंतील सिम्पसन कॉलेजांत चित्रकला शिकत होता. त्याचा ओढा झाडांकडे आहे, हें त्याच्या शिक्षिका एटा बड यांनीं ओळखलें. त्यांचे वडील आयोवाच्या शेतकी कॉलेजांत फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. बाईंनीं त्यास तिकडे जाण्याची सल्ला दिली, आणि १८९१ सालीं तो तेथें दाखल झाला. लुई पॅमेल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यानें बुरशींचा अभ्यास केला व १८९६ सालीं उच्च पदवी घेतली. चांगला विद्यार्थी आपल्याच वर्गांत अडकवून न ठेवतां योग्य गुरूकडे धाडणें, हें त्या बाईंचें मोठें काम होय.

एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असावेत याला मर्यादा असते, व सर्वांची इच्छा पुरणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील विद्यापीठांस आमची विनंति अशी कीं, वांटणीपूर्वीं प्रत्येक प्राध्यापकानें आपल्या चालू कामाची माहिती फलकावर लावावी. विद्यार्थ्यानें आपला प्रश्न एका पानांत लिहून तीन नांवें पसंतीक्रमानें द्यावीं. आणि उभयतांची एकदां तरी समक्ष भेट व्हावी. आंब्याचें कलम बांधतांना खुंट व काडी यांची जाडी आपण चाचपून पाहतों. येथें तर मुलाच्या आयुष्याचीं वर्षें खर्चीं पडतात.

आपल्याकडेही कर्तव्य आहेच. कृषिदूत व कृषिकन्या गांवीं येतात, तेव्हां सत्कार व फोटो एवढ्यावर त्यांची बोळवण करूं नये. कोणत्या शेतांत, कोणत्या सालीं, काय बिघडलें हें त्यांस नीट सांगावें. त्यांतूनच उद्यांचे संशोधनाचे विषय निघतील. यासाठीं संस्थेच्या कचेरींत एक वही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. पहिला प्रश्न कांद्याच्या चाळीचा. तो आम्ही स्वतः येऊन लिहूं.